सोबत सहा जण

रविवार, ९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार, भावजींनाही सांग. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्ही ठीक आहात हे मला कळतंच आहे, कारण गेल्या वीस दिवसांत तुझे सतरा फोन आले आणि माणूस ठीक असल्याशिवाय इतके फोन करत नाही. मी एकही उचलला नाही. उचलला असता तर तू बोलली असतीस आणि मी हो हो करत गेलो असतो. लहानपणापासून आपलं हेच चालत आलंय. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही.

दुकानात काम भरपूर आहे. एका शाळेच्या बसच्या चाळीस सीटा आल्यात, सगळं रेक्झिन उसवून नवं घालायचंय. मुलांनी फोममध्ये पेनं खुपसून खुपसून भोकं पाडलीत. हिची पाठ अजून दुखते. आमची मुंगी आता चौदा किलोची झाली आणि जिना तोच आहे, तीन मजल्यांचा. डॉक्टर म्हणतात, वजन उचलू नका. हसावं की काय करावं ते कळत नाही.

तू फोन कशासाठी करते आहेस ते मला माहीत आहे. पार्कचे ते रांगेशिवाय आत सोडणारे पट्टे मिळाले का, हेच ना? मिळाले होते. सगळे मिळाले होते.

पण मला नीट पहिल्यापासून सांगू दे.

ऑगस्टमध्ये तुझा फोन आला, की यंदा सुट्टीत आपण सगळे मिळून थीम पार्कला जाऊ, मुंगीलाही घेऊ. ताई, फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. तोपर्यंत प्रत्येक वेळी काय व्हायचं ते आठव. लग्न असो, वाढदिवस असो, तुमच्याकडचा निरोप ठरलेला: तिला कशाला दगदग, तुम्ही दोघंच या. पायांनी अधू पोर घेऊन आम्ही कुठे गेलो की लोक आधी बाबागाडीसाठी बाजूला सरतात आणि मग बाजूलाच राहतात. आणि इथे तू स्वतःहून म्हणत होतीस, की तिला घेऊ.

आम्ही दोघं वेड्यासारखे तयारीला लागलो. मी पार्कच्या ऑफिसला फोन करून विचारलं, कुठल्या राइडला उतार आहे, कुठल्या सीटला पाठ आहे, कुठे आई मांडीवर घेऊन बसू शकते. तीन मिळाल्या. घोड्यांच्या चक्रावर एक बाकडं असतं ते, संथ पाण्यातली बोट आणि बागेभोवती फिरणारी छोटी गाडी. हिने यादी केली: पायांचे स्प्लिंट, त्याखालचे मोज्यांचे सहा जोड, कपडे बदलायला पातळ गादी, कारण तिथली टेबलं तान्ह्या बाळांच्या मापाची असतात आणि आपल्या मुंगीचे पाय आता बाहेर लोंबतात. मी बाबागाडीची सीट नव्याने कापली. दोन्ही कुशींना कडक फोम, मधे मऊ, आणि ती घसरू नये म्हणून रुंद पट्टा. बोटीचं चित्र काढून फ्रिजला लावलं. मुंगी रोज सकाळी दुधाच्या आधी त्याच्याकडे बोट दाखवायची.

मग भावजींचा तक्ता आला. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. मोठ्या राइडा सगळ्या होत्या, उलट्या लटकवणाऱ्यासुद्धा. शेवटच्या रकान्याला नाव होतं, 'मुंगीजवळ कोण'. आळीपाळीने सगळ्यांच्या पाळ्या लावल्या होत्या, नीट, ऑफिसातल्या ड्यूटीसारख्या. हिने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात मुंगी कशात बसते?" मी दोनदा शोधलं. ती कशातच बसत नव्हती. मी म्हटलं, विसरले असतील.

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर तुझ्या मुलाने लिहिलं, की मुंगी बरोबर असली की रांगच नाही, गेल्या वेळी दोन तास उन्हात उभे होतो. खाली हसणारे चेहरे. तू त्याखाली पसंतीचा अंगठा टाकलास. अर्ध्या मिनिटात त्याने ते पुसलं, पण मी वाचलं होतं. हिनेही.

जुन्या सीटा उघडल्या की आतून काय काय निघतं ते तुला ठाऊक नाही. कुजलेला खाऊ, केस, नखं, कधी मेलेली पाल. मी ते हाताने काढतो आणि त्याच हातांनी साबण लावून डबा खातो. मला किळस येत नाही असं मी अभिमानाने सांगायचो. त्या दिवशी आली. तो अंगठा बघून आली. माझी अडीच वर्षांची पोर तुमच्या लेखी दरवाजा उघडायची किल्ली होती, आणि किल्लीला कुणी कधी विचारत नाही की तुला कुठे बसायचंय.

तरीही मी तयारी थांबवली नाही. इथून पुढचं लिहायला मला तीन रविवार लागले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंगी वॉकर धरून चार पावलं चालली. व्यायामाच्या बाईंकडे, निळ्या चटईवर. मी तिथे होतो. चौथ्या पावलाला तिने मागे वळून बघितलं, मी बघतोय की नाही हे बघायला, आणि त्या नादात पडली आणि पडल्या पडल्या हसली. सगळ्यात आधी मी तुलाच फोन केला. तू म्हणालीस, "वा, छान झालं." आणि लगेच म्हणालीस, "पण पार्कवाल्यांना सांगू नकोस हं."

कारण भावजींनी नियम वाचला होता. पोर आधाराने उभं राहत असेल तर सोबत दोघांना मनगटाचे पट्टे. पोर अजिबात उभं राहत नसेल तर सोबत सहा जणांना, उचलायला माणसं लागतात म्हणून. सहा म्हणजे आम्ही दोघं आणि तुम्ही चौघं. हिशेब किती सरळ. पट्टे आणायला पार्कच्या ऑफिसात जायच्या आदल्या दुपारी तू पुन्हा फोन करून सांगितलंस, की स्प्लिंट घालू नकोस, वॉकर घरी ठेव, अर्जावर दुसऱ्या, 'उभं राहत नाही'च्या चौकोनात खूण कर, पाच मिनिटांचं काम आहे, उगाच खरेपणा दाखवू नकोस.

मी चिडून फोन आपटला असता तर आज हे पत्र किती छान झालं असतं. मी म्हटलं, बरं.

का म्हटलं, ते सांगतो. तुझी भीती वाटते म्हणून नाही. मला वाटलं, दोनच पट्टे मिळाले तर तुम्ही येणार नाही. काहीतरी निघेल, भाच्यांची परीक्षा, भावजींची रजा. आणि मुंगी पुन्हा एकदा आम्हा दोघांतच उरेल. तुम्ही कशासाठी येताय ते कळूनही मला तुम्ही यायला हवे होतात. तिच्या आजूबाजूला चार माणसं दिसावीत म्हणून मी तिलाच तुमच्या हाती द्यायला निघालो होतो.

ऑफिसात मी एकटाच तिला घेऊन गेलो. ही त्या दिवशी दवाखान्यात होती, पाठ दाखवायला. मला ते सोयीचंच वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो. काउंटरमागे चष्म्याला साखळी लावलेल्या एक बाई होत्या, सर्दीने बेजार. मी अर्ज दिला. दुसऱ्या चौकोनात खूण होती. त्या नाक पुसत काउंटरच्या बाहेर आल्या, बाबागाडीसमोर उकिडव्या बसल्या आणि मला न विचारता मुंगीलाच विचारलं, की तू उभी राहतेस का गं?

मुंगी म्हणाली, "मी चालते."

आणि पट्टा ओढायला लागली. तिला उतरून दाखवायचं होतं. बक्कल तिच्याने उघडत नाही, मीच तसं कडक बसवलंय. तिने माझ्याकडे बघून म्हटलं, बाबा, काढ. मी बक्कलवर हात ठेवला. बाईंना वाटलं असेल, काढतोय. मी ते दाबून धरलं होतं.

मी म्हणालो, "उगाच बोलते ती."

तिच्यासमोर म्हणालो, ताई. हसत म्हणालो, मोठी माणसं पोरांबद्दल बोलताना हसतात तसं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग उठून जागेवर गेल्या, शिक्का मारला आणि लिफाफा दिला. सात पिवळे पट्टे, एक छोटा आणि सहा मोठे. मुंगी रडली नाही. येताना वाटेत तिला गाड्या, कुत्री, काय काय दाखवलं. तिने बघितलं.

मी घरी येऊन लिफाफा कपाटात ठेवला आणि हिला सांगितलं, मिळाले. तिने कसे मिळाले ते विचारलं नाही. तिला वाटलं, पार्कवाले चांगले आहेत.

त्यानंतरच्या मंगळवारी व्यायामाच्या बाईंनी मुंगीला वॉकरपाशी उभं केलं तर ती खाली बसली. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसली. बाईंनी लाडीगोडी लावली, की चल बरं, चार पावलं. तेव्हा मुंगी त्यांना म्हणाली, "नाही चालत. उगाच बोलते ती."

जसंच्या तसं. माझ्या हसण्यासकट. नंतर ही मला म्हणाली, "हसली तेव्हा ती अगदी तुझ्यासारखी दिसली."

ही तिथून थेट दुकानात आली. लग्नाला आठ वर्षं झाली, कामाच्या वेळी ती कधी दुकानात आलेली नाही. उसवलेल्या सीटांच्या ढिगात, मुंगीला कडेवर घेऊन उभी राहिली, त्या पाठीने. मी सगळं सांगितलं. तुझा फोन, चौकोन, बक्कल. मला वाटलं, ओरडेल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताईंचं मला काही नाही. त्या तिथे नव्हत्या." आणि बस पकडायला गेली. त्या संध्याकाळी मी मुंगीला समजावू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, नको, तू सांगितलेलं तिला फार लवकर कळतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून लिफाफा परत द्यायला गेलो. त्याच बाई होत्या, सर्दी गेली होती. मी म्हटलं, मी खोटं लिहिलं होतं, मुलगी आधाराने चालते. त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाल्या, असं रोज होतं. धडधाकट माणसं लंगडत येतात, कुणी शेजाऱ्याची चाकाची खुर्ची मागून आणतं, दाराबाहेर पडलं की घडी घालून गाडीत टाकतात. तुमची मुलगी बोलली तेव्हाच मला कळलं होतं. मी विचारलं, मग दिलेत कशाला?

त्यांनी लिफाफा खणात टाकला. मग म्हणाल्या, "तुमचा हात बघितला मी. म्हटलं, नाही म्हटलं तर घरी जाऊन पोरीवर राग काढेल हा."

मी मुंगीवर कधी हात उगारलेला नाही. तुला माहीत आहे, हिला माहीत आहे. मी त्यांना हे सांगणार होतो. पण बक्कलवरचा हात त्यांनी बघितला होता, आणि त्या हाताबद्दल त्यांना जे वाटलं ते चूक आहे असं मला छातीठोक म्हणता येईना. मी नवा अर्ज भरला. पहिला चौकोन. सोबत दोघे.

म्हणजे तुम्हा चौघांचे पट्टे गेले. तारीख तीच ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, रांगेत उभे राहा, लोक राहतातच. आमच्याबरोबर मात्र येऊ नका. आम्ही जानेवारीत जाऊ, मुंगीला तीन पूर्ण झाल्यावर, आणि तीनच गोष्टींत बसू. ही यायला तयार आहे. माझ्यासाठी नाही, बोटीसाठी.

तू म्हणशील, एवढंसं झालं आणि केवढं करतोस, पोरं विसरतात. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून शेवटचं सांगतो. मुंगी गेल्या गुरुवारपासून पुन्हा चालायला लागली. आईसमोर चालते, बाईंसमोर चालते, शेजारच्या आजींना तर ओरडून बोलावते. मी खोलीत गेलो की खाली बसते. रुसून नाही. मला बघून हसते, दोन्ही हात वर करते, मी उचलून घेतलं की मानेला मिठी मारते. तिच्या मनात माझ्याबद्दल काही राग नाही. फक्त बाबा आले की चालायचं नसतं, असं तिने शिकून घेतलंय, जसं ती गॅसला हात लावायचा नाही हे शिकली. बाई म्हणतात, घाई करू नका, सध्या बाहेर बसा. म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी मी व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर बसतो. आतून वॉकरच्या चाकांचा आवाज येतो. बाकीचे आईबाप माझ्याकडे बघून चुळबुळतात, त्यांना वाटतं, या माणसाला पोरीचं बघवत नसेल.

मला तुझी किळस आली होती हे मी वर लिहिलंच आहे, ते खोडत नाही. पण तू फोनवर बोललीस आणि फोन ठेवलास. मी तिच्यासमोर उभा होतो. आता सकाळी दाढी करताना आरशात बघून जे वाटतं, त्यापुढे तुझा अंगठा काहीच नाही.

फोन करू नकोस. यायचं असेल तर ये, एकटी ये आणि चटईवर तिच्याशेजारी बस. ती जन्मल्यापासून तू तिला एकदाही उचललेलं नाहीस. चौदा किलो आहे, आधी गुडघे वाकव.

मुंगीच्या आत्याला,
मुंगीच्या बापाकडून.
सध्या दोघंही नावापुरतेच.