भाऊजी ओरडले नाहीत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय गोल्फ शिकवणे (बंद पडलेला), हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळा एकच आहे, त्याचा खुलासा पुढे येईल. वकीलबाई म्हणतात, "मावशी, राग वगळून लिहा." राग वगळला तर लिहायला फारसे उरत नाही.

१. माझ्या गोल्फच्या स्टिक क्लबातल्या नव्या शिकवणाऱ्या बाईंना द्याव्यात. चेंडू खळग्यात घालायला चांगल्या खेळाडूला जितके फटके लागावेत ते पार. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. एवढे सगळेच पाठ करतात. पण चेंडू भरकटून माणसांकडे निघाला की मारणाऱ्याने "फोर!" म्हणून बोंब ठोकायची, म्हणजे पुढचे डोकी झाकतात. बाईंनी हा शब्द सगळ्यांत आधी शिकवावा.

२. भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, तो येत होता. पाहुण्यांसोबत खेळताना त्यांचा फटका उजवीकडे वळत गेला. त्याला स्लाइस म्हणतात. तिकडे मी शिकवत होते. ओरडले असते तर फटका चुकल्याचे चारचौघांत कबूल झाले असते. ते गप्प राहिले आणि माझा डावा डोळा गेला. घरी मात्र म्हणाले, "मी घसा फोडून ओरडलो, वहिनींनीच ऐकलं नाही." सासूबाईंनी मान डोलावली. यजमान म्हणाले, "जाऊ दे ना, घरातलाच माणूस आहे." त्यांचा राग मला आजही येतो, ते गेले तरी.

अंतराचा अंदाज येईना, शिकवणे सुटले. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट. भाऊजी जेवताना म्हणाले, "वहिनींचा हँडिकॅप वाढवा रे!" सगळे हसले. मी ताटावरून उठले.

३. भाऊजींना मुलिगन द्या, असे नातेवाईक सुचवतात. मुलिगन म्हणजे बिघडलेला फटका न मोजता पुन्हा मारू देणे. नियमांत बसत नाही, मैत्रीत चालते. मी दिला असता. पण त्यांनी एकदा तरी येऊन मागायला हवा होता.

४. घर माझ्या कमाईचे आहे. ते भाऊजींच्या मुलीला, माझ्या पुतणीला द्यावे. त्या दिवशी ती त्यांच्या शेजारी उभी होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा ओरडलेच नाहीत." गालावर पाच बोटे उमटली, तरी पोरीने शब्द फिरवला नाही. भाऊजी वरच्या मजल्यावर राहतात. यापुढे राहायचे तर तिला विचारावे.

५. गोल्फमध्ये आपल्या कार्डावर सोबतच्या खेळाडूची सही लागते, नाहीतर ते खरे धरत नाहीत. म्हणून दुसरे साक्षीदार भाऊजीच. साक्षीदाराने फक्त मला सही करताना पाहायचे असते, मजकूर वाचायची सक्ती नाही. तरी मी सांगणार आहे, "वाचून घ्या, भाऊजी."

स्थळ: माझे जेवणाचे टेबल. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे ती.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे दातांचे डॉक्टर: (सही)

साक्षीदार दुसरे, धाकटे दीर, स्वहस्ते: (सही) चष्मा वर राहिला. वाचायचे काय त्यात, वहिनी लिहितात ते खरेच असणार.