फरशीवरचे तीन थेंब

३ एप्रिल, रविवार. नांदेड
सकाळी टँकर आला नाही. धुणं तसंच राहिलं. दुपारी लातूरहून प्रशांतचा फोन. त्याचं लग्न १५ ला, तिकडेच. हे जाऊन सात महिने झाले. वर्षाच्या आत मुलाचं लग्न उरकायचं म्हणून भर दुष्काळात घाई. संध्याकाळच्या रिसेप्शनला वाइन ठेवायची म्हणतो. सुनेचं माहेर नाशिकचं, त्यांच्यात चालतं. पण रिसेप्शन आपल्याकडून, तेव्हा कुठली ते आपणच ठरवायचं. "बाबा असते तर त्यांनीच ठरवलं असतं. आता तू सांग." मी कधी थेंब घेतला नाही, हे त्याला माहीत आहे. मला कशात तरी गुंतवायचं म्हणून.

लग्नानंतर घर बंद करून लातूरलाच ये, हेही पुन्हा म्हणाला. बघू म्हटलं. वरांड्यात यांची खुर्ची आहे. ती टाकून कसं जाऊ.

५ एप्रिल, मंगळवार
धाकटे दीर दत्ताभाऊजी किनवटहून आले. नवीन जिल्ह्याच्या मागणीसाठी तिकडे बंद पुकारलेला, एस.टी. वाटेत अडकली, चार तास उन्हात. प्र.च्या मित्राने काल तीन बाटल्या आणून दिल्या होत्या: लाल, पांढरी, गुलाबी. भाऊजींना थोडी थोडी दिली.

"वैनी, भाऊ लई हसला असता. घरात वाइन हाय अन् नळाला पाणी न्हाई."

पांढरीला तोंड वाकडं केलं. "नासलेल्या पन्ह्यावानी लागतंय." लाल आवडली. "लालच घ्या. फोटोत बी बरी दिसते."

हे शनिवारी संध्याकाळी खुर्चीवर बसून थोडी रम घ्यायचे. आधी बोट बुडवून फरशीवर तीन थेंब शिंपडायचे. गेलेल्यांचा वाटा म्हणायचे. मी चिडायची, फरशी मला पुसावी लागायची. भाऊजीही तसंच करतात. आज केलं नाही. विचारलं तर, "ते दारूला असतंय वैनी. ही तर द्राक्षाचं पाणी." मला ते बरोबर वाटलं नाही.

६ एप्रिल, बुधवार
झाडायला गेले तर खुर्चीपाशी तीन ओले थेंब. भाऊजी सकाळच्या गाडीने गेलेले. वर पत्रा कोरडा, माठ आत स्वयंपाकघरात. पुसले. आंघोळ करून आले, पुन्हा तिथेच. उन्हं अशी की पापड घालावा आणि लगेच काढावा. वास घेऊन पाहिला. वास नाही.

८ एप्रिल, शुक्रवार
पुसते, येतात. फडकं खुर्चीच्या हातालाच टांगून ठेवलंय. शेजारची म्हणाली, "मावशी, फरशी पुसून राहिलात व्हय? आमच्याकडं प्यायला न्हाई अन् तुमच्याकडं पुसायला हाय." हसले. काय सांगणार.

प्र.चा फोन. "ठरलं का? हॉलवाला विचारतोय." उद्या सांगते म्हटलं.

९ एप्रिल, शनिवार
यांचा वार. संध्याकाळी तिन्ही बाटल्या खुर्चीसमोर फरशीवर ओळीने मांडल्या. माझी मलाच लाज वाटली. आत जाऊन भाकरी केल्या. बाहेर आले तर नेहमीची जागा कोरडी. थेंब पांढऱ्या बाटलीच्या बुडाशी.

यांना आंबटच लागायचं. वरणात चिंच कमी पडली तर ताट सरकवायचे.

प्र.ला कळवलं, पांढरी. "काका तर लाल म्हणाले." पांढरीच घे म्हटलं. माझा आवाज चढला असावा.

१५ एप्रिल, शुक्रवार. लातूर
लग्न नीट पार पडलं. सून गोड आहे. संध्याकाळी हॉलवर हात धुवायला पाणी नव्हतं, कागदी रुमाल ठेवले होते. हॉलचा मॅनेजर म्हणाला, "काकू, पाणी बेतानं वापरा, वाइन कितीबी ओता." सगळे हसले.

विहीणबाईंनी माझ्या हातात ग्लास दिला. नुसता धरा म्हणाल्या. मनात होतं, आपणच बोट बुडवावं, यांचा वाटा द्यावा, म्हणजे सुटतील. धीर झाला नाही, सगळे बघत होते. खाली पाहिलं तर माझ्यापुढे पांढऱ्या टेबलक्लॉथवर तीन ओले डाग. ग्लास काठोकाठ.

भाऊजी शेजारीच. "सांडलं का वैनी?"

हो म्हटलं. त्यांनी माझ्या ग्लासाकडे पाहिलं. मग आपल्या ग्लासात बोट बुडवून तीन थेंब खाली टाकले. नंतर जेवले नाहीत.

१७ एप्रिल, रविवार. नांदेड
परत आले. प्र. राहा म्हणत होता. बसमधून उतरल्यापासून पाय उचलत आले.

वरांड्यात फरशी कोरडी. धूळ बसली आहे.

२० एप्रिल, बुधवार
आजही कोरडी. खुर्ची सरकवून खाली पाहिलं. पांढरी बाटली थोडी उरली होती. बोट बुडवून मीच तीन थेंब टाकले. बघता बघता उडून गेले. वाट पाहिली.

दुपारी सुनेचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "आई, तुमच्यासाठी जी खोली ठेवलीय ना, तिथे खिडकीखाली ओलं होतंय. जास्त नाही, तीनच थेंब. टाकी तर रिकामी आहे. प्लंबर म्हणतो तिकडून पाइपच गेलेला नाही. मी पुसते, परत येतंय."

पुसू नकोस म्हटलं.

"का हो?"

राहू दे.

"तुम्ही कधी येताय?"

बघू म्हणायला गेले आणि खुर्चीकडेच पाहत राहिले. तिला वाटलं लाइन गेली.

संध्याकाळी टँकर आला. खुर्चीच्या हातावरचं फडकं काढलं, धुतलं, दोरीवर टाकलं. घागर आत ठेवून येईपर्यंत वाळलं होतं. घडी घातली.