एक नंबरच्या मशीनवर कोण होतं

२६ नोव्हें. २००८, एटापल्ली
चार वाजता लॅब रिकामी. आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवायला येऊन पाच महिने झाले, स्टाफरूममध्ये अजून माझी खुर्ची ठरलेली नाही. जी रिकामी असेल ती.
संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, सुनंदाबाई उसेंडी, अर्धा तास मराठी टायपिंग शिकायला येतात. दिवसभरात बोलणं तेवढंच. त्यांचं वेगळं लॉगिन नाही, माझंच उघडून देते. आज लवकर उठल्या. सहावीतली जैनी तापली आहे.

२८ नोव्हें.
जैनीचा ताप उतरत नाही. शाळेची जीप मुख्याध्यापक सर चंद्रपूरला घेऊन गेलेत, घरच्या कामाला. सुनंदाबाईंनी दोनदा फोन केला. उद्या येतो म्हणाले.

२९ नोव्हें.
जीप नाहीच. दुपारी जैनीला झटके आले. सुनंदाबाईंनी गावातल्या एकाची मोटरसायकल थांबवली, पोरीला मध्ये धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं. मेंदूचा मलेरिया. तिथून गडचिरोलीला हलवलं.
मला काही सुचेना. तिची गादी उन्हात टाकली, परत आणली.

२ डिसें.
परवा गडचिरोलीहून परतलेल्या सुनंदाबाई सांगतात, जैनी शुद्धीवर नाही. काल बसस्टँडजवळून अब्बांना फोन केला, तासभर लाइनच लागेना. लागली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. दुरुस्तीला घड्याळ उघडून ठेवलंय, उद्या कर म्हणाले. आज गेलेच नाही.

५ डिसें.
सरांनी बोलावलं. टेबलावर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडून आलेली एका पत्राची प्रत. जीपचं सगळं वार-तारखेनिशी लिहिलेलं. सही नाही. डाव्या कडेला आमच्या प्रिंटरची काळी रेघ, आणि प्रिंटर फक्त एक नंबरच्या मशीनला.
"तुमच्या लिनक्समध्ये सगळं राहते म्हणे," सर म्हणाले. "त्या टायमाले कोणाच्या नावानं चालू होतं, तेवढं काढून द्या."
आवाज चढवला नाही. माझ्यासाठी चहा मागवला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.
पत्र कोणाचं ते वाचतानाच कळलं होतं. दर शब्दानंतर दोन स्पेस. की अडकते, दोनदा दाबत जा, हे मीच शिकवलंय.

६ डिसें.
शनिवार, अर्धी शाळा. सगळे गेल्यावर बसले. प्रिंटरच्या नोंदीत १ तारीख, ५ वाजून १२ मिनिटं. मग कोण कधी आत होतं ती यादी काढली. दिवसभर सगळ्या मुलांचं मिळून एकच नाव, 'शाळा'. ४:२० ते ६:०५ फक्त एक. शाहीन.
मी.
नावापुढे स्क्रीनची खूण. म्हणजे मशीनसमोर बसूनच केलेलं. दुसऱ्या मशीनवरून कोणी शिरलं असतं तर तिचा नंबर दिसला असता. ती एक आशा होती, गेली.
१ तारखेला सुनंदाबाईंना बसवून मी फोनला गेले होते. लॉगिन तसंच उघडं.
यादी खोडता येते. मुख्य पासवर्ड माझ्याकडेच आहे. बराच वेळ हात कीबोर्डवर... नाही केलं.

७ डिसें.
वसतिगृहात गेले. सुनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. सांगितलं. हात थांबला.
"पण मी तं तुमचं नाव कुठीच नाई टाकलं, मॅडम."
उघडणाऱ्याचं नाव मशीन आपोआप लिहून ठेवते, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. आत्ताच जाऊन सरांना सांगते म्हणाल्या, उठल्यासुद्धा. मी हात धरून बसवलं. त्यांची नोकरी गेली तर इथे ऐंशी मुली कोणाकडे बघणार?
मी शूर वगैरे नाही. मार्चमध्ये माझं कंत्राट तसंही संपतं. एवढाच हिशेब.

९ डिसें., चंद्रपूर
ईद. घर भरलेलं. सगळ्यांनी विचारलं, कसं आहे तिकडे? उत्तराला कोणी थांबलं नाही. अब्बांना सांगणार होते. ते भिंग लावून बसले होते, मान वर केली, "बारीक झालीस." बस. नाही सांगितलं.

११ डिसें., एटापल्ली
सरांना कागद दिला. एकच ओळ: त्या वेळी एक नंबरच्या मशीनवरचं लॉगिन शाहीन या नावाचं होतं.
त्यांनी दोनदा वाचलं. "तुम्हीच टाइप केलं का?"
"नाव माझं आहे, सर."
"मी ते नाई विचारून राह्यलो."
ते खिडकीबाहेर उभ्या जीपकडे बघत होते. मग म्हणाले, पोरगी मेली असती तर मले झोप आली नसती, मॅडम. पण असं पत्र पाठवाचं काऊन? मले सांगाचं होतं. खरंच वाटत असावं त्यांना तसं.

१३ डिसें.
स्टाफरूममध्ये कोणी बोलत नाही. आधीही नव्हतं, पण आता मी आत गेले की चाललेलं थांबतं. सुनंदाबाई टायपिंगला येत नाहीत. मीच नको म्हटलंय. चार ते सहा फार लांब होतात.

१८ डिसें.
जैनीचे वडील आले. जंगलातून पायी, पहाटे निघालेले. पत्र लिहिणाऱ्याला भेटायचंय, एवढं शिपायाला समजलं. त्याने सरळ माझ्याकडे आणून सोडलं.
त्यांना मराठी येत नाही, मला माडिया. शिपाई सुनंदाबाईंना बोलावून आला. त्या दारातच उभ्या राहिल्या.
बाप बोलत राहिला, माझ्याकडे बघून. बराच वेळ. मध्ये हाताने मोटरसायकल दाखवली, मग पोरीला धरल्यासारखे हात केले.
सुनंदाबाईंनी मराठीत सांगितलं. "ते म्हणतात, जैनी आता बसते. पेज पिते. तुम्ही लिहिलं म्हणून प्रकल्पाचे साहेब दवाखान्यात येऊन गेले. म्हणतात, तुमचं नाव घरी सगळ्यांले सांगितलं."
एवढं लांब बोलले, एवढंच? विचारलं.
"एवढंच," त्या म्हणाल्या.
जैनीच्या वडिलांनी हात जोडून मला जोहार केला. मी सुनंदाबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, घ्या म्हणून. मीही जोहार केला.
सोमवारी प्रकल्प कार्यालयात चौकशीला बोलावलं आहे. बोलावणं माझ्या एकटीच्या नावाचं आहे.