भाऊजींचा तंग कोट

१० जून

प्रिय ताई,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझा शिंपी भाऊ आता दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला वेळेवर जातो. हसू नकोस! कबुतरं झाली, बासरी झाली, व्यायामाची सायकल झाली. आठ दिवस हौस, मग जीव पुन्हा उपाशीच. या वेळी तसं नाही. प्रार्थना करून दुकान उघडलं की मशीनवर बसूनही मन शांत असतं. उरलेलं कापड मी आता गिऱ्हाइकाला परत देतो. बायको डोळे फाडून बघते.

अडलंय एकाच ठिकाणी. पाळकसाहेब म्हणाले, कुणाशी वैर असेल तर आधी समेट करा, मगच प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्या. मी लगेच सांगितलं की माझं जगात कुणाशीच वैर नाही. शेजारी बायको खोकली. तेव्हा भाऊजी आठवले.

पुढच्या महिन्यातलं प्रभुभोजन मला मनापासून हवंय गं. म्हणून भाऊजींना सांग, भाचीच्या लग्नात मी शिवलेल्या कोटाचं बटण तुटलं आणि त्यांनी भर पाहुण्यांत मला नावं ठेवली, त्याची मी क्षमा केली आहे. माप घेतल्यानंतर त्यांचं पोट वाढलं, त्याचीही केली आहे. तेव्हा मीही एखादा शब्द बोललो असेन.

ताईच्या मायेचा हक्कदार,
धाकटा

१८ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, हीच चूक झाली. पोटापर्यंत पोचले आणि हे ताडकन उठून बाहेर गेले. जेवायला आले, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. यावरून राग किती ते समज. म्हणतात, मला क्षमा करणारा हा कोण लागून गेला?

अरे, समेट करायला निघालास की उट्टं काढायला? तुमच्या दोघांत मी मात्र भरडली जातेय. भावाकडे यायचं म्हटलं की यांचं तोंड वाकडं, आणि न यावं तर माझा जीव तुटतो. तुझ्या क्षमेचं काय लोणचं घालू? माफी माग. सरळ, पोट वगळून.

रागावलेली तरी तुझीच,
ताई

२५ जून

प्रिय ताई,
सलाम वि. वि.

कागदावर कागद फाडले. सुरुवात नम्र होते आणि गाडी पोटाशी येऊन अडते. अगं, माझं माप बरोबर होतं! शपथेवर सांगितलं असतं, पण शपथ घेऊ नये म्हणतात. शेवटी टेप घेऊन पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, टेप खिशात ठेवा. देव माप विचारणार नाही, बहिणीच्या नवऱ्याशी का बोलत नाही ते विचारेल.

मी चिडून दुकानात आलो. शिवायला बसलो तर सुई बोटात गेली. रडूच आलं मला. भाचीच्या लग्नापासून माझंच बरोबर आहे, आणि लग्नापासून एक दिवस सुखाचा गेलेला नाही.

भाऊजींना सांग, त्यांचं पोट दाखवून मी पाहुण्यांना हसवलं. ते फार वाईट केलं. मला माफ करा. दोघं प्रभुभोजनाला या. कोट आणलात तर सैल करून देईन, तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

तुमची वाट बघणारा,
धाकटा

२ जुलै

प्रिय मेव्हण्यास सलाम.

पत्र तुझ्या ताईनं वाचलं नाही, माझ्या हातात दिलं आणि समोर बसून राहिली. दुसरीकडे बघायलाही जागा ठेवली नाही.

कोट लग्नाच्या सकाळीच अंगात बसत नव्हता. श्वास रोखून बटण लावलं होतं. पण व्याह्यांसमोर ते कबूल कोण करणार? तुझ्यावर ढकललं आणि मोकळा झालो. मोकळा कसला! तेव्हापासून मीही प्रभुभोजन घेतलेलं नाही. तुझ्या ताईला सांगतो, गुडघे दुखतात, टेकता येत नाहीत. तिला अजून खरंच वाटतं. चुकलो रे. मलाही माफ कर.

रविवारी येतोय. बाकावर तुझ्याशेजारी जागा धर. जरा ऐसपैस.

तुझाच,
भाऊजी