खोबरेल घातलेलं कुलूप

अण्णा,

तुम्ही जन्मभर टपालखात्यात होतात, तेव्हा पत्ता नसलेल्या पत्राचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी लिहितो आहे. मागच्या डिसेंबरात इथे ओमानच्या एका डोंगरावर तुमची एक सवय तुमच्या नातीच्या जिवावर उठली होती, आणि त्याबद्दल तुमच्याशी बोलणं राहून गेलंय.

रविवारी सकाळी आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही घरातली सगळी कुलपं मांडून बसायचात. खोबरेलाची बाटली एकच. तीच आईच्या केसांना, तीच घावनांच्या तव्याला, तीच कुलपांना. कोंबडीचं पीस तेलात बुडवून तुम्ही एकेका भोकात फिरवता आहात आणि आई चुलीपाशी म्हणते आहे, "माणसांच्या डोक्यालाही थोडं राहू दे." अडकलेल्या कुलपात मी किल्ली पिळली तेव्हा मनगटावर तुमची चापट बसली. "अंगात जोर आहे तर विहिरीवर जा. इथे नको." नोकरीसाठी इकडे निघालो तेव्हा बॅगेला तुम्ही दिलेलं पितळी कुलूप होतं, अर्थात तेल पाजलेलं. मस्कतच्या विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग हुंगली आणि विचारलं, "फूड?" मी म्हटलं, "फादर." त्याने हाताने पुढे जायची खूण केली.

मी सोहारला पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर आहे. लोखंड किती तापलं की वितळतं हे झोपेत सांगेन. वर्षभर एसीला शिव्या घालणाऱ्या आपल्या मंडळींना डिसेंबर आला की थंडी भोगायची हौस येते, तशी आम्हालाही आली, आणि मी, तुमची सून आणि तुमची नात, जबल शम्सच्या डोंगरावर तंबू टाकायला गेलो. निघण्याआधी मी टायर तपासले, कूलंट बघितलं आणि ड्रायव्हरच्या दारातलं कुलूप जरा कुरकुरत होतं म्हणून त्यात खोबरेल सोडलं. इथे कोंबडीचं पीस कुठून आणणार, कान कोरायची काडी वापरली. थंडीत खोबरेल गोठतं, आई बाटली उन्हात नेऊन ठेवायची, हे मी लहानपणापासून बघत आलोय. पण ते बाटलीत. कुलपातही ते तेच तेल असतं, हे माझ्या पदवीला सुचलं नाही.

उजाडताना मुलीच्या छातीतल्या शिट्टीने जाग आली. तिला दमा आहे. पंप गाडीत, पुढच्या कप्प्यात. बाहेर दगडांवर, तंबूवर, गाडीवर पांढरं पीठ चाळल्यासारखं दव गोठलेलं. रिमोटचं बटण दाबलं, काही नाही. त्याचा सेल थंडीने गारठलेला. मग रिमोटच्या पोटातली किल्ली काढली. ती भोकात गेली आणि फिरेना. या गाडीला बाहेरून तेवढं एकच भोक. मी पिळायला लागलो. किल्लीचं पातं किंचित वाकलं आणि माझं मनगट आपोआप सैल पडलं. दुसरी किल्ली सोहारच्या घरी, आसपास एकही तंबू नाही.

"बाबा, I can't..." एवढं म्हणून ती थांबली. पुढचं वाक्य तिच्याकडे कोणत्याच भाषेत नव्हतं. खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठांचा रंग मला बघवेना.

तुमच्या सुनेने तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून खुर्चीत ताठ बसवलं आणि स्वतः हातात नारळाएवढा दगड घेऊन काचेपाशी उभी राहिली. "सरका."

"थांब, किल्ली तापवतो."

"एकदाच. नाहीतर काच."

चहासाठी आणलेल्या शेगडीवर मी पातं धरलं. रुमालातून बोटं पोळत होती. आत घातलं, नाही. "झालं एकदा," ती म्हणाली आणि दगड वर नेला. मी पुन्हा शेगडीकडे धावलो, तिने दगड मारला. काच फुटली नाही, दगड घसरून तिचंच बोट चिरलं. तेवढ्यात मी पुन्हा तापवलेली किल्ली घातली, मनात मोजत थांबलो, आणि ती लोण्यात फिरावी तशी फिरली. दार तरी उघडेना. रबर चौकटीला गोठून चिकटलेलं. मी मूर्खासारखा खेचतोय. तिने मला बाजूला ढकललं, खांद्याने दार आत दाबलं, बर्फाचा पापुद्रा मोडल्याचा आवाज झाला आणि दार सुटलं.

पंपाचे दोन फवारे. मग आम्ही दोघं खडकावर बसून पोरीच्या खांद्यांकडे बघत राहिलो, ते खाली येईपर्यंत. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, "गाडीला आजीच्या केसांचा smell का येतोय?"

"सनस्क्रीन असेल," मी म्हटलं.

बर्फाने कुलूप गोठलं, असंच मी ऑफिसात सांगतो, आणि तुमच्या सुनेलाही तेच सांगितलंय. तुमच्यावर आळ येऊ नये म्हणून, असं लिहिणार होतो. पण खरं सांगितलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, तेल कोणी घातलं.

अजून एक. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याबद्दल फक्त चांगलंच बोलत आलोय, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोबद्दल बोलावं तसं. त्या सकाळी शेगडीपाशी, पोळलेल्या हाताने, मी तुम्हाला मोठ्याने शिवी दिली. वाऱ्यात कुणाला ऐकू गेली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मागे उभे असल्यासारखे वाटलात, आणि मला बरं वाटलं.