वाणातला पासवर्ड

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांतीच्याच दिवशी कटकट! तीळ भाजता भाजता सूनबाई वर्षालीनं सांगितलं, ऑफिसवाले म्हणतात, आपल्या नेटचा डब्बा बदला लागते. चालू आहे ना, म्हटलं. तं म्हणे, "चालू आहे आई, पण बनवणाऱ्या कंपनीनं त्याचे अपडेट बंद केले. कुठं भोक पडलं तं आता बुजवाले कोणी येणार नाही. कोणीही आत घुसू शकते."

सात वर्षं झाली डब्ब्याले, आजवर कोणी घुसलं नाही. दिवे लुकलुक करतात, अंगावर माह्या हातचा क्रोशाचा रुमाल आहे. फ्रिज बारा वर्षांचा आहे — त्याले कोण अपडेट देते? वर्षाली पुण्याच्या ऑफिसचं काम घरी बसून करते म्हणून आता घरातल्या वस्तूही पुण्याच्या साहेबाले विचारून ठेवायच्या काय? तीळ थोडे करपले त्या नादात.

गुरुवार, १६ जानेवारी

वर्षालीनं मोबाइलवर यादी दाखवली. आपल्या नेटवर कोण कोण आहे त्याची. घरात माणसं तीन — माहा लेक योगेश, ती अन् मी. हे तं संत्र्याच्या तोड्यासाठी महिनाभर वरूडले गेलेले. योगेश सकाळच्या गाडीनं अकोल्याले नोकरीवर जाते, रात्रीच तोंड दाखवते. अन् यादीत किती? तेवीस!

"आई, पासवर्ड कोणाकोणाले दिला?"

काय सांगू? मागच्या वर्षी हळदीकुंकवाले मी पासवर्डच वाण म्हणून लुटला. डबे अन् चाळण्या सगळ्याच लुटतात. मी चिठ्ठ्या लिहिल्या अन् तिळगुळासोबत एकेकीच्या हातात देल्ल्या. साऱ्या गल्लीत नाव झालं होतं माहं.

सांगून टाकलं. आधी हसली. हसता हसता खालीच बसली. मंग तीच यादी परत वरून खाली वाचत बसली, अन् हे काही मले चांगलं वाटलं नाही.

शनिवार, १८ जानेवारी

चार वाजता घरापुढचा ओटा भरला. समोरच्या घरची लीलाबाई सगळ्यात आधी. रोज फाटकातूनच ओरडते — "पार्बता, नेट चालू आहे काव?" नेट नसलं तं हिले माहं तोंडही आठवणार नाही! मोबाइल मांडीत उलटा पडलेला, अन् ही तुरीच्या शेंगा सोलत साऱ्या गल्लीची खबर सांगून राहिली. मनकर्णाबाईनं नातीशी व्हिडिओवर बोलून घेतलं. आठ जणी होत्या. दोनदा चहा ठेवला.

सोमवार, २० जानेवारी

रुमाल काढून डब्बा पुसला. काही झालं नाही त्याले.

बुधवार, २२ जानेवारी

पुण्याहून लेखी आलं. ३१ तारखेच्या आत नवा डब्बा बसवून त्याचा फोटो पाठवा, नाही तं घरून काम बंद, पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा. योगेश जेवता जेवता म्हणते, "मंग मीही बदली मागतो पुण्याले." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं बोलला!

वर्षाली म्हणे, "डब्बा मी उद्याच आणते. पण आई, पासवर्ड नवा राहीन अन् घरातल्या माणसायपुरताच."

मी नाही म्हटलं. काहून, तिनं विचारलं. मी ताट उचलून आत गेली. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दाराशी आली अन् हळूच म्हणे, "तुमाले मी घरात नको असन तं तसं सांगा."

बापा! काय डोक्यात घेऊन बसली पोरगी. अन् मी तवा घासत राहिली.

गुरुवार, २३ जानेवारी

इथं कोण वाचणार आहे, लिहून टाकते.

चिठ्ठ्या वाटल्या त्याच्या आधी ह्या ओट्यावर कोणी बसत नव्हतं. चार वाजता चहा घेऊन मी एकटीच. रस्त्यानं जाणाऱ्यायले पाहत बसायचं. एखादी हात दाखवायची अन् निघून जायची. चिठ्ठ्या वाटल्या अन् आठवडाभरात ओटा भरला. म्हणजे त्या कायच्यासाठी येतात हे मले समजते, मी काही येडी नाही. पासवर्ड बंद झाला तं कायले येतील?

अन् डब्बा नाही बदलला तं वर्षाली जाते. दुपारी दार उघडून, "आई, भाजीवर टाकाले वाफ्यातला सांभार तोडून आणू का?" विचारणारी घरात राहणार नाही. मले सून बी पाह्यजे अन् ओटा बी पाह्यजे. हावरट आहे मी, दुसरं काय.

शनिवार, २५ जानेवारी

सुचलं! अपडेट बंद झाले तं भरून आणायचे. मिक्सरची वाइंडिंग जळली तेव्हा मिक्सर फेकला होता काय? अकोल्याले माह्या माहेरच्या गल्लीत विपुल आहे. पंखे, रेडिओ, काहीही आणून द्या, सुधरवते. डब्बा तोच, पासवर्ड तोच, साहेबही खूश. कोणाले सांगायचं नाही. सोमवारी वर्षाली आंघोळीले गेली की निघायचं.

सोमवार, २७ जानेवारी

आज जे झालं ते लिहावं का नाही, असं झालं आहे.

वायरी उपटल्या, डब्बा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला, अन् अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरच्या अलीकडं मोबाइल वाजला. "आई, राऊटर कुठाय? माही अकराची मीटिंग आहे, मोठे साहेब आहेत!" म्हटलं, माह्या पिशवीत आहे. तिकडून हळूच — "तुमच्या पिशवीत?" तोवर कंडक्टरही मागं वळून पाहून राहिला होता.

विपुलनं डब्बा उलटापालटा करून पाहिला. मी म्हटलं, अपडेट भरून दे, पैशाची काळजी करू नको. हसला नाही पोरगा, हे त्याचं चांगलं. स्टुलावर बसवलं अन् म्हणे, "काकू, हे भरायचं काम माह्या हातातलं नाही. बनवणाराच देते, अन् त्यानं ह्या डब्ब्यासाठी देणं बंद केलं. चालन तं अजून, पण दाराची कडी तुटलेली. त्यात तुमी पासवर्ड साऱ्या गल्लीले देल्ला."

कडी तुटली समजलं मले. वर्षाली हेच सांगून राहिली होती, पण तिचं ऐकायले मी कान कुठं देल्ले? तिथं स्टुलावर बसून डोळ्यात पाणी आलं. विपुल घाबरला, चहा मागवला. मंग त्याले ओट्याचं सारं सांगून टाकलं. आठही जणींची नावं सांगितली.

"मंग असं सांगा ना," म्हणे. नव्या डब्ब्याले दोन नावं ठेवता येतात! एक घरचं, एक पाहुण्यायचं. पाहुणे ओट्यावर बसून वापरतील, पण घरात पाय टाकू शकत नाही. तेरा दिवस भांडलो आम्ही सासू-सुना, अन् दोघींपैकी एकीनंही धड विचारलं नाही. नवा डब्बा तिथूनच घेतला.

घरी पोहोचली तं वर्षाली फाटकातच उभी. मीटिंग मोबाइलच्या नेटवर अर्धीमुर्धी झाली होती. रागानं लाल. मी पिशवीतून नवा खोका काढून तिच्या हातात देल्ला अन् म्हटलं, मले तू घरात पाह्यजे. बस. एवढंच लिहिते, पुढं दोघीही रडलो.

मंगळवार, २८ जानेवारी

नवा डब्बा बसला. वर्षाली त्याच्यावर रुमाल टाकू देत नाही! म्हणे गरम होते. घरच्या नेटले तिनं कठीण नाव ठेवलं. पाहुण्यायच्या नेटचं नाव मी ठेवलं — 'पार्बताचा ओटा'.

शुक्रवार, ३१ जानेवारी

साहेबानं फोटो पास केला. वर्षाली इथंच. योगेशले सांगितलं तं म्हणे, "बरं झालं," अन् भाजीत मीठ मागितलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी, रथसप्तमी

हळदीकुंकू झालं. लीलाबाईच्या हातावर तिळगूळ ठेवला, वर नव्या पासवर्डची चिठ्ठी. तिनं चिठ्ठी परत माह्याच हातात देल्ली. "मले कायले व? पोरानं दिवाळीतच घरी नेट लावून देल्लं."

दिवाळीपासून! मंग तीन महिने रोज फाटकातून काय विचारत होती? तसंच विचारलं मी तिले. तं म्हणे, "यायचं म्हटलं की काहीतरी विचारत यावं लागते ना, पार्बता."

चिठ्ठी ह्याच पानात ठेवली आहे.