सोबतीशिवायचा पास

वॉटफर्ड,
१६ नोव्हेंबर २००६

प्रिय अक्षया,

तुझ्या आईला जंगलात एकटीनं गाडी फिरवायचा पास मिळाला. तिथली रेंजर हेलन हिनं आज सकाळी स्वतः फोन करून सांगितलं, आणि फोन आईलाच द्या म्हणाली, त्यामुळे बातमी मला नंतर कळली. हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण गेल्या रविवारी तू जे म्हणालीस, त्याचं उत्तर मला नीट बसून लिहायचं होतं. त्याकडे शेवटी येतो.

तू ही गाडी पाहिलेली नाहीस. उन्हाळ्यात तू परत गेलीस तेव्हा आई काठी धरून बागेतल्या शेडपर्यंत जायची, तेवढंच. सप्टेंबरात मी तिच्यासाठी बाजारहाटापुरती साधी मोबिलिटी स्कूटर, चालायला त्रास होणाऱ्यांची ती बॅटरीवरची गाडी, बघून आलो. तिनं ती नाकारली. तिला जाड टायरची, चिखलातून आणि मुळांवरून जाणारी हवी होती, शेवटी तीच घेतली. याला कारण तुझी ईमेल. गेल्या हिवाळ्यात बर्फावर चालणारी ती स्नोमोबाइल घेतलीस तेव्हा तू लिहिलं होतंस, की आधी सरकारकडे नोंदणी, मग बॉनेटच्या दोन्ही बाजूंना नंबर, मग ट्रेलचा पास, आणि तो काचेवर चिकटवल्याशिवाय वाटेवर जायचं नाही. आईनं त्या ईमेलची प्रिंट काढून फ्रिजवर लावली होती. स्ट्रोकनंतर तिचे शब्द परत यायला लागले तेव्हा ती त्यातल्याच ओळी मोठ्यानं वाचायची. तिच्या स्पीच थेरपिस्टला आता कॅनडातल्या तुझ्या सडबरीच्या बर्फाची बरीच माहिती आहे.

इकडेही अशी गाडी रस्त्यावर आणायची तर स्वान्सीच्या वाहन कार्यालयात नोंदवावी लागते. कर शून्य, पण शून्याची का होईना, टॅक्स डिस्क, म्हणजे कराची गोल चिठ्ठी, गाडीला लावावीच लागते. फॉर्म आईनं स्वतः भरला. लिहायला उजवा हात आहे, पण कागद दाबून धरायला डावा लागतो आणि तो अजून ऐकत नाही. मी धरू का म्हणून विचारलं, तर तिनं कागदावर खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवला. डिस्क आली त्या दिवशी तिनं आल्यागेल्या सगळ्यांना गाडीचा नंबर पाठ म्हणून दाखवला. नंबरप्लेटची सक्ती नाही हे कळल्यावर मात्र जरा हिरमुसली.

जंगलाचं काम इतकं सरळ झालं नाही. तिथल्या फाटकाला कुलूप असतं. किल्ली पासबरोबर मिळते, आणि पास रेंजरनं गाडी चालवून घेतल्यावर. गाडी न्यायला जयंतमामा हॅरोहून व्हॅन घेऊन आला. बरोबर नारळ, हळदकुंकू आणि पिशवीभर लिंबं. पास मिळाला की पूजा करू म्हणाला. तिथे गेल्यावर हेलन आईला विचारायची आणि उत्तर मामा द्यायचा. उतारावर ब्रेक कसा लावता? मामा. चक्कर येते का? मामा. बहिणीला बोलायचा त्रास नको, एवढाच त्याचा हेतू. हेलननं सगळं ऐकून घेतलं आणि पास दिला, सोबत माणूस असेल तरच आत जायचं, असा. मामा नारळ काढायला निघाला, पण आईनं पास घेतलाच नाही.

घरी आल्यावर आई एकेक शब्द जुळवत म्हणाली, "जयंता, परीक्षा तू दिलीस. पासही झालास. आता मी देते."

पण त्यानंतर बरेच दिवस तिनं विषय काढला नाही. मला वाटलं, धीर सुटला. या सोमवारी सकाळी मात्र तिनं स्वतः हेलनला फोन लावला आणि मंगळवारची वेळ घेतली.

मागच्या वेळी पूजा आधी केली नाही म्हणून घोटाळा झाला, असं मामाचं ठाम मत. त्यामुळे मंगळवारी कारपार्कमध्येच कुंकू लागलं, नारळ फुटला, चार चाकांखाली चार लिंबं गेली. मग आईनं त्याला आणि मला व्हॅनमध्ये बसवून काचा वर करायला लावल्या. हेलन आली ती चिरडलेल्या लिंबांकडे बघत राहिली. आईनं तिला आपली पद्धत समजावून सांगितली, बराच वेळ घेऊन. हेलन कुठेही शब्द पुरवायला गेली नाही, ती नुसती थांबली. मग तिनं उरलेलं एक लिंबू मागून घेतलं, चिखलाच्या उतारावर ठेवलं आणि त्याला न चिरडता अलीकडे थांबायला सांगितलं. अर्ध्या उतारावर आईचा डावा हात हँडलवरून निसटला. मी काच खाली केली, मामानं ती परत वर केली. आईनं गाडी थांबवली, उजव्या हातानं डावा उचलून जागेवर ठेवला, पुढे निघाली आणि लिंबाच्या वीतभर अलीकडे थांबली. आत अडकलात तर काय कराल, असं हेलननं विचारलं. आईनं गळ्यातली शिट्टी वाजवून दाखवली. तळ्यावरची बदकं उडाली.

आता रविवारचं. आईजवळ राहायला हॉस्पिटलमधली नोकरी सोडून कायमची वॉटफर्डला येते, स्नोमोबाइलची जाहिरातही दिली आहे, असं तू म्हणालीस, तेव्हा आई वरच्या मजल्यावरच्या फोनवर ऐकत होती. खाली आली, फ्रिजवरचा तुझा कागद वाचत उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो फोन केला. याबद्दल तिनं मला तुला काही सांगायला सांगितलेलं नाही. मी माझ्या मनानं सांगतो. जाहिरात काढून टाक आणि या हिवाळ्याचा पास घे. नाताळला ये, पण परतीचं तिकीट काढून ये. शनिवारी आई एकटी तळ्यापर्यंत जाणार आहे, मी फाटकाबाहेर थर्मास घेऊन उभा असेन. डॉक्टर हो म्हणाले तर फेब्रुवारीत आम्ही तिकडे येऊ. आईनं विचारून ठेवायला सांगितलंय, तुझ्या गाडीवर मागे बसणाऱ्याला वेगळा पास लागतो का?

तुझाच,
फाटकाबाहेरचा बाबा